मोठ्या ड्रममध्ये तेलाचा थेंब बारीक का होत नाही? ५ लिटरला जमतं, २०० लिटरला फसतं

लोशनवाली_अंबड
नमस्कार मंडळी. अंबडला छोटा गाळा आहे माझा, तिथे मी बॉडी लोशन बनवते, तीळ तेल साधारण २० टक्के, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं मेण) ५ टक्के, बाकी पाणी आणि थोडंफार. दोन वर्षं ५-५ लिटरच्या बॅच केल्या, हातात धरायचा होमोजिनायझर (थेंब बारीक करायचं मशीन) आहे त्याने, आणि एकही बाटली परत आली नाही. आता ऑर्डर वाढली म्हणून २०० लिटरचा स्टीलचा ड्रम घेतला, वर ३ एचपीची मोटार, खाली दातेरी चकती. रेसिपी तीच, तापमान तेच ७५ अंश, उलट वेळ तिप्पट दिला. तरी आठ-दहा दिवसांत बाटलीच्या तळाला पाणी दिसायला लागतं. दोन बॅच गेल्या, म्हणजे ४०० लिटर माल, आणि त्यात घरचे पैसे आहेत. मला नुसता उपाय नको, का होतंय ते समजून घ्यायचंय, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज माझा मला बांधता येईल.

कॅनडाकॉर्नर
वॅक्स वाढवून बघा ना, ५ चं ७ करा.

लोशनवाली_अंबड
केलं ताई. चिकट झालं, पाणी दोन दिवस उशिरा सुटलं एवढाच फरक.

सातपूर_वायंडिंग
मोटार किती आरपीएमची आहे, म्हणजे मिनिटाला किती फेरे? आणि एक आधीच सांगून ठेवतो, कोणी आरपीएम दुप्पट करा म्हणालं तर लगेच करू नका, मला विचारा. कारण नंतर लिहितो.

गोदाकाठ
ताई, चार गोष्टी सांगा म्हणजे नीट बोलता येईल. छोट्या मशीनचा रोटर म्हणजे फिरणारं डोकं किती मिलिमीटर आणि किती आरपीएम, मोठ्या चकतीचा व्यास किती आणि किती आरपीएम. छोट्याला भोवती जाळीदार कवच म्हणजे स्टेटर आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाटलीत तळाला पाणी सुटतंय की वर चकचकीत तेल येतंय? दोन्ही दुखणी वेगळी आहेत. मी इंजिनिअरिंग कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो, हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

लोशनवाली_अंबड
सर, छोटा ४० मिमी, ६००० आरपीएम, ५०० वॉट, जाळी आहे. मोठी चकती २०० मिमी, १४४० आरपीएम, उघडी, जाळी नाही. तेल वर येत नाही, खाली पाणीच सुटतं. हलवलं की परत मिसळतं.

गोदाकाठ
हलवल्यावर परत मिसळतं म्हणजे थेंब एकमेकांत विरघळून तेलाचा थर झालेला नाही, थेंब थेंबच आहेत पण मोठे आहेत म्हणून वर सरकतात आणि खाली पाणी उरतं. वर सरकायचा वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गाने वाढतो, हा स्टोक्सचा नियम. थेंब चौपट मोठा झाला की सोळापट वेगाने वर. ५ लिटरच्या बॅचची बाटली टिकते आणि ही दहा दिवसांत का फाटते, याचा बराचसा हिशोब इथेच लागतो.

आता थेंब मोठा का राहिला. पावसाळ्यात गोदेला पूर आला की होळकर पुलावर उभं राहून खाली बघितलंय ना? खांबाच्या मागे खोलीएवढा भोवरा, त्याच्या कडेला परातीएवढे, त्यांच्या कडेला वाटीएवढे, आणि सगळ्यात शेवटी नुसती थरथर. मोठा भोवरा आपली ताकद लहानाला देतो, लहान त्याहून लहानाला, आणि शेवटी पाण्याच्या चिकटपणात ती ताकद उष्णता होऊन मुरते. टर्ब्युलन्स म्हणजे हीच उतरंड. कोल्मोगोरोव नावाच्या रशियन गणितीने १९४१ मध्ये ती गणितात मांडली आणि १९४९ मध्ये तीच मांडणी द्रवातल्या थेंबांना लावली, मग १९५५ मध्ये हिन्झे या डच संशोधकाने थेंबाचा जास्तीत जास्त आकार काढायचं सूत्र पक्कं केलं, ते आजही वापरतात.

त्या पुरात एक फुगा टाका. खोलीएवढा भोवरा फुग्याला उचलून गोल फिरवेल, पण फाडणार नाही, कारण फुग्याच्या दोन्ही बाजूंना पाणी जवळपास सारख्याच वेगाने चाललंय. फुग्यापेक्षा खूप लहान भोवऱ्यांत त्याला ताणण्याइतका जोर नाही. फाडतो तो साधारण फुग्याच्याच मापाचा भोवरा, कारण तो एका बाजूने इकडे ओढतो आणि दुसऱ्या बाजूने तिकडे. तेलाच्या थेंबाचं अगदी हेच. त्याला गोल ठेवायला पृष्ठताण आवळून धरतो, आणि थेंब जितका लहान तितकी ती मूठ घट्ट. १ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याचा थेंब असेल आणि पृष्ठताण मीटरला १० मिलिन्यूटन असेल तर आतला जादा दाब ४०,००० पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या चाळीस टक्के. भोवऱ्याचा ओढा त्यापेक्षा जास्त झाला तरच थेंब फुटणार.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की चकतीपाशी, थेंबाच्या मापाच्या भोवऱ्यात, किलोमागे किती वॉट मुरताहेत. हिन्झेच्या सूत्रात थेंबाचा आकार या वॉटच्या ०.४ घाताच्या व्यस्त प्रमाणात जातो आणि पृष्ठताणाच्या ०.६ घाताच्या सम प्रमाणात. तुमचा नुसता सरासरी हिशोब बघा ताई. ५ लिटरला ५०० वॉट, म्हणजे किलोमागे १००. २०० लिटरला ३ एचपी, साधारण २२०० वॉट, म्हणजे किलोमागे ११. नवव्या हिश्श्यावर आलात. वेळ तिप्पट दिला म्हणता, पण जो भोवरा थेंब फाडू शकत नाही तो तीन तास फिरवला तरी फाडणार नाही.

कॅनडाकॉर्नर
पण सर, ब्लेडच्या टोकाचा वेग बघायचा असतो असं एका सप्लायरने सांगितलं होतं. ताईंचा मोठ्यात जास्तच येतोय की.

गोदाकाठ
बरोबर पकडलंत. छोट्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १२.६ मीटर, मोठ्याचा १५.१. टोकाचा वेग बघितला तर मोठ्याने बारीक थेंब द्यायला हवा, आणि नेमकं उलटं झालंय. कारण तोच वेग २०० मिमीच्या चकतीभोवती पसरला की भोवरेही मोठे होतात, ताकद जास्त जागेत वाटली जाते. ब्लेडपाशी मुरणारी ताकद ही सेकंदाला फेऱ्यांचा घन गुणिले व्यासाचा वर्ग अशी जाते. छोट्यात १०० चा घन गुणिले ०.०४ चा वर्ग, येतात १६००. मोठ्यात २४ चा घन गुणिले ०.२ चा वर्ग, ५५३. जवळपास तिसरा हिस्सा, म्हणजे थेंब दीडपट. आणि हा हिशोब दोन्ही मशीनची बनावट सारखी धरून आहे. तुमच्या छोट्याला जाळी आहे, ती सगळी ताकद अरुंद फटीत आणि भोकांतून निघणाऱ्या धारांत कोंडते. उघड्या चकतीला ते नाही, त्यामुळे प्रत्यक्षात फरक दीडपटीपेक्षा बराच मोठा असणार. मायक्रोस्कोप मिळतो का कुठे? ४०० पट दाखवणारा साधा चालेल.

लोशनवाली_अंबड
मुलीच्या कॉलेजात विचारते. सर, हे आजवर मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

पेंटवाला_सिन्नर
मला एक पटत नाही. आमच्याकडे रंगात आम्ही तेच म्हणतो, दाते कापतात. दातेरी चकती म्हणजे करवतच ना, थेंब तिच्यावर आपटून तुटतो. यात भोवरे कुठून आले?

गोदाकाठ
दादा, माप लावून बघू. रोटर आणि जाळीतली फट समजा ०.३ मिमी, म्हणजे ३०० मायक्रॉन. थेंब ३ मायक्रॉनचा. शंभरपट रुंद फटीतून जाणाऱ्या थेंबाला दाता शिवतही नाही. त्याला शिवतं ते भोवतालचं पाणी. दात्याचं काम पाण्यात ती खळबळ उठवायची. होमोजिनायझरच्या व्हॉल्व्हमध्ये हाय स्पीड कॅमेऱ्याने बघितलं तेव्हा असं दिसलं की फटीत शिरताना थेंब थोडा लांबतो, पण तुकडे होतात ते फटीतून बाहेर पडल्यावर, पुढच्या धारेच्या खळबळीत.

तुमच्या रंगाचं थोडं वेगळं असू शकतं हेही खरं. मिश्रण घट्ट असेल तर टर्ब्युलन्स उठतच नाही, तिथे संथ थरांचं घर्षण, म्हणजे शिअर, थेंबाला ताणतं. त्यातही एक मेख आहे, टेलरने १९३४ मध्ये या ताणण्यावर प्रयोग केले आणि पुढे कळलं की थेंबातलं तेल बाहेरच्या द्रवापेक्षा साधारण चौपटीहून जास्त चिकट असेल तर साध्या शिअरमध्ये तो फुटतच नाही, नुसता जागच्या जागी गोल फिरत राहतो.

पेंटवाला_सिन्नर
हे फिरत राहायचं आम्ही बघितलंय, पण कारण माहीत नव्हतं. मग तेल गरम केल्याने फरक पडतो तो म्हणूनच का?

गोदाकाठ
तेही एक मोठं कारण. टर्ब्युलन्समध्येसुद्धा भोवरा क्षणभरच जगतो, आणि थेंब घट्ट असेल तर तो ताणायला लागेपर्यंत भोवरा विरून जातो. पातळ तेल पटकन आकार बदलतं आणि फुटतं.

धारोष्ण
मी डेअरीत होमोजिनायझर चालवला, बावीस वर्षं, आता रिटायर. सर म्हणतात ते आम्ही रोज हाताखालून घातलंय. फ्रान्सच्या गोलाँने १८९९ मध्ये या मशीनचं पेटंट घेतलं. दुधातला फॅटचा गोळा सरासरी ३-४ मायक्रॉनचा असतो, १५०-२०० बारच्या दाबाने व्हॉल्व्हच्या फटीतून काढला की १ मायक्रॉनच्या खाली येतो. दूध ६०-७० अंशाला असतं, फॅट पूर्ण वितळलेलं पाहिजे, थंड दुधाला मशीन दमून जाईल पण काम होणार नाही. आणि लोशनवाल्या ताईंना वेळेची एक गोष्ट सांगतो. त्या फटीत दूध सेकंदाच्या अगदी बारीक हिश्श्यापुरतं असतं, तेवढ्यात काम होतं. ही सगळी ताकद शेवटी उष्णता होते ते थर्मामीटरवर दिसायचं, दर ४० बारला साधारण १ अंश दूध तापतं, २०० बारला ५.

आणि एक. गोळ्याचा व्यास पाव झाला की एकाचे चौसष्ट होतात आणि एकूण अंग चौपट होतं. त्या नव्या अंगावर झाकायला काहीतरी लागतं. दुधात केसीन हे प्रथिन धावून येतं आणि चिकटतं. ते वेळेत पोचलं नाही तर गोळे परत जुळतात, घोस होतात, म्हणून दुसरी स्टेज असते कमी दाबाची, ते घोस सोडवायला. गिऱ्हाइकं विचारायची, या दुधाला साय का धरत नाही. फसवणूक वाटायची त्यांना. गोळे इतके बारीक झाले की वर यायला त्यांना आठवडे लागतील, एवढंच त्यात आहे.

लोणकढी
मी सगळं वाचतेय, छान चाललंय. मला एक सांगा, रवीने घुसळलं की लोणी येतं, म्हणजे गोळे जुळतात. आणि इथे तुम्ही म्हणताय घुसळलं की थेंब फुटतात. दोन्ही घुसळणंच ना? उन्हाळ्यात तर मी बर्फ टाकल्याशिवाय लोणी येत नाही.

धारोष्ण
ताई, प्रश्नातच तुमचं उत्तर आहे, बर्फ. गार सायीत गोळ्यातलं फॅट अर्धवट गोठलेलं असतं, त्यात सुईसारखे कण असतात. रवीने दोन गोळे एकमेकांवर आपटले की एकाची सुई दुसऱ्याच्या सालीत घुसते आणि ते अडकतात, घुसळताना आत आलेले हवेचे बुडबुडेही गोळ्यांना गोळा करतात. अशी मोळी वाढत वाढत लोणी. उन्हाळ्यात फॅट सैल पडतं, सुया नसतात, म्हणून नुसतं फेसाळतं. आम्ही ६० अंशाला नेतो तेव्हा सगळं पातळ, सुई एकही नाही, आणि जोर रवीपेक्षा हजारोपट, मग फुटणं जिंकतं.

गोदाकाठ
फार सुंदर सांगितलंत काका. फुटणं आणि जुळणं दोन्ही एकाच वेळी चालू असतं, कुठल्याही भांड्यात. थेंबाचा शेवटचा आकार म्हणजे त्या दोघांचा तोल. इमल्सिफायरला दोन कामं आहेत, पृष्ठताण कमी करून फुटणं सोपं करायचं आणि नवीन अंगावर लगेच बसून जुळणं थांबवायचं. पृष्ठताण निम्मा झाला की थेंब दोन तृतीयांश होतो, दहावा हिस्सा झाला की पाव.

बेदाणा_निफाड
राम राम. आमचं जरा विषयाला धरून आहे म्हणून विचारतो. बेदाण्याला द्राक्षं बुडवायचं पाणी करतो आम्ही, लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. सकाळी दुधासारखं पांढरं होतं, दुपारपर्यंत वर तेलाचा तवंग, आणि नंतरच्या क्रेट एकसारख्या सुकत नाहीत, काही मणी मागे राहतात. मजूर काठीने ढवळतात. आम्हाला पण असलं मशीन लागेल का?

गोदाकाठ
नाही दादा, तुम्हाला महिने टिकवायचं नाही, एक दिवस टिकवायचंय. डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, ते मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाण्याला वाट करून देतं. त्यात थोडं मोकळं ओलिक आम्ल असतं, ते कार्बोनेटच्या अल्कलीशी मिळून जागेवरच साबण बनतं, आणि तोच तुमचा इमल्सिफायर. म्हणून काठीनेसुद्धा पांढरं होतं. आधी कार्बोनेट पूर्ण विरघळवा, मग जोरात ढवळत तेल बारीक धारेने सोडा, एकदम ओतू नका. आणि दिवसभर ढवळणं थांबू द्यायचं नाही, एक छोटा पंप लावून ड्रमच्या तळाचं पाणी वर फिरवत ठेवलं तरी भागेल. द्राक्षांचा रस आणि धूळ मिसळून पाण्याचा सामू उतरत जातो, तो उतरला की साबण कमी होतो, दुपारचा तवंग त्यातूनही येत असेल. सामू मोजायची पट्टी ठेवा जवळ.

बेदाणा_निफाड
पट्टी आहे शेडवर, कोणी वापरत नाही. उद्या बघतो.

सातपूर_वायंडिंग
आता माझं सांगतो, आरपीएमचं. मागे एका गाळ्यात १४४० ची मोटार काढून तेवढ्याच एचपीची २८८० ची बसवली, चकती तीच ठेवून. फेरे दुप्पट म्हणजे लागणारी ताकद दोनाचा घन, आठपट. ३ एचपीच्या जागी चकती २४ मागते. ओव्हरलोड पडायला लागला तर त्यांनी मोटार वाचवायला बंद पाडणाऱ्या रिलेचं सेटिंग वाढवून ठेवलं, दुपारी वायंडिंग जळालं आणि ते माझ्याकडे आलं. व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलायचा ड्राइव्ह) लावून ५० चे ६० हर्ट्झ केले तरी पावणेदोनपट ताकद लागते. सर, त्यात थेंब किती लहान होईल?

गोदाकाठ
फेरे १.२ पट, थेंब ०.८ पट. पावणेदोनपट वीज आणि फक्त वीस टक्के फायदा. तुम्ही सांगितलंत ते सगळ्यांनी वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. आरपीएम वाढवायचा तर व्यास कमी करायचा आणि जाळी लावायची.

लोशनवाली_अंबड
मायक्रोस्कोप मिळाला. सरांनी व्यनितून सांगितलं तसं केलं, ड्रममधून काढलेला नमुना लगेच इमल्सिफायरच्या पातळ पाण्यात सोडला म्हणजे थेंब एकमेकांत जुळणार नाहीत, आणि तासाने ड्रममधूनच परत एक घेतला. छोट्या बॅचचे थेंब ४-५ मायक्रॉन. मोठ्या बॅचचे १५ ते २०, मधेच एखादा ४० चा. आणि लगेचच्या नमुन्यात आणि तासानंतरच्या नमुन्यात फरक नाही.

गोदाकाठ
म्हणजे निकाल लागला. लगेच लहान आणि तासाने मोठे असते तर थेंब जुळताहेत, इमल्सिफायर बदला असं म्हटलं असतं. तुमचे पहिल्यापासूनच मोठे, म्हणजे फुटलेच नाहीत. वॅक्स वाढवून काही झालं नाही ते यामुळे.

तो मधला ४० चा मात्र नीट समजून घ्या. जोराची जागा ब्लेडजवळ वाटीभर असते, बाकी ड्रममध्ये द्रव नुसता फिरतो. प्रत्येक थेंबाला तिथून जायची पाळी यायला हवी, आणि एकदा पाळी येऊन पुरत नाही. ड्रममधलं सगळं आकारमान सरासरी एकदा ब्लेडमधून गेलं तरी ३७ टक्के माल तिथून गेलेलाच नसतो, कारण काही भाग दोनदा-तीनदा जातो. तीन फेऱ्यांनी ५ टक्के उरतो, पाचांनी ०.७, सातांनी हजारात एक. ५ लिटरला एक फेरी काही सेकंदांत होते. २०० लिटरला मिनिटं लागतात, आणि ड्रमच्या कडेला, तळाच्या कोपऱ्यात माल नुसता लोळत असेल तर त्याची पाळी येतच नाही.

म्हणून माझं सुचवणं असं की पूर्ण २०० लिटरला जोर लावूच नका. ४० लिटर तेल, १० किलो वॅक्स आणि फक्त ४० लिटर पाणी घेऊन आधी दाट इमल्शन करा, ९० लिटरच्या आसपास होईल, त्यावर छोट्या व्यासाचं जाळीवालं डोकं चालवा. उरलेलं ११० लिटर पाणी नंतर तुमच्या उघड्या चकतीने हळू मिसळा. ते पाणी उकळून कोमट केलेलं घ्या, एकदम गार ओतलं तर वॅक्स गाठीने गोठेल, आणि न उकळलेलं घेतलं तर बुरशीचा धोका. ४५ अंशाखाली जोरात ढवळू नका, हवा शिरते.

पेंटवाला_सिन्नर
ताई, माझ्याकडे ९० मिमीचं रोटर-स्टेटर पडून आहे, २८८० वर चालतं, ३ एचपीच आहे. धुवून देतो, रंग कधी लावलेला नाही त्याला, सॉससाठी घेतलं होतं. घेऊन जा, वापरून बघा.

लोशनवाली_अंबड
दादा, उद्याच येते. मी हिशोब करून बघितला, ४८ चा घन गुणिले ०.०९ चा वर्ग, ८९६ येतात. छोट्याचे १६००. म्हणजे थेंब सव्वापट, छोट्याचा ५ धरला तर ६ मायक्रॉनच्या थोडा वर यायला हवा. बरोबर ना सर?

गोदाकाठ
अगदी बरोबर.

लोशनवाली_अंबड
तीन आठवडे झाले म्हणून लिहितेय. दाट इमल्शन १५ मिनिटं चालवलं, ड्रमच्या कडेचा माल मधूनमधून पळीने आत लोटत, मग कोमट पाणी. मायक्रोस्कोपखाली ६-७ मायक्रॉन, ४० चा एकही सापडला नाही, तीन काचा बघितल्या. वीस बाटल्या खिडकीत उन्हात ठेवल्यात, वीस कपाटात. आजपर्यंत एकाही बाटलीच्या तळाला पाणी नाही. आणि वॅक्स परत ५ टक्क्यांवर आणलं.

बेदाणा_निफाड
आमच्याकडे पण कळवतो. दुपारी सामू साडेनऊवर आला होता, सकाळी अकरा. कार्बोनेट थोडं वाढवून पंप चालू ठेवला, तवंग गेला. शेडवर ये-जा आहे ताई, दोन किलो बेदाणा पाठवतो सिन्नरच्या दादांकडे आणि तुमच्याकडे.